दोन बार

पाना हातातून निसटला आणि घरंगळत मागच्या चाकापलीकडे जाऊन पडला. पेम्मय्या जिप्सीखाली उताणा होता, डाव्या हाताने कमानपाटा जागेवर दाबून धरलेला. हात काढला तर पाटा सरकणार होता आणि हात काढल्याशिवाय पाना मिळणार नव्हता. त्याने पाय लांब करून टाचेने पाना ओढायचा प्रयत्न केला. गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे क्षणभर काही दिसेना. दुसरं कोणी अंगणात असतं तर "दे रे जरा" एवढं म्हणून काम झालं असतं. पेम्मय्याने पाट्याला पलटणीत शिकलेली एक शिवी हासडली, हात काढून घेतला आणि बाहेर सरपटला. अर्ध्या तासाचं काम पुन्हा पहिल्यापासून.

जिप्सी लष्कराची होती, म्हणजे त्याच्यासारखीच निवृत्त. लिलावात घेतली तेव्हा त्याची बायको देचम्मा म्हणाली होती की एक म्हातारा घरात होताच, आता दुसरा अंगणात आला. पण गाडी गुणाची निघाली. अंगाने बारीक, वजनाला हलकी आणि चारही चाकांना जोर. वीस वर्षं तिने मिरी आणि कॉफीची पोती वाहिली, कुरकुर केली नाही. आता पेम्मय्याला तिच्याकडून पोती वाहून घ्यायची नव्हती. त्याला वर जायचं होतं.

वर म्हणजे डोंगराच्या माथ्याजवळ, घराण्याची दफनाची जागा होती तिथे. देचम्मा तिथे होती. पूर्वी तिथपर्यंत बैलगाडीची वाट जायची. मागच्या पावसाळ्यात अर्धा डोंगर खाली आला आणि वाटेच्या जागी ओढा, दरड आणि घरांएवढे दगड उरले. धडधाकट माणूस तासाभरात चालत जाई. पेम्मय्याचा गुडघा त्याला विहिरीपर्यंतसुद्धा कुरकुरत नेत होता. पहिल्या वर्षदिवसाला तो कसाबसा काठी टेकत गेला होता आणि परत येताना दोघांनी त्याला उचलून आणलं होतं. तो अपमान त्याने अजून गिळलेला नव्हता. यंदा गुरुवारी दुसरं वर्ष होत होतं. गुरुवारी तो तिला कडंबुट्टूचे वाफवलेले तांदळाचे गोळे आणि डुकराच्या मटणाचा वाडगा घेऊन स्वतः जाणार होता, कोणाच्या खांद्यावर हात न टाकता.

म्हणून चार महिने हे चाललं होतं. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले, त्याने गाडी वीतभर उंच झाली. मोठ्या खाचांचे टायर आणले, ते चाकाच्या कमानीत मावेनात तेव्हा करवतीने पत्रा कापला. पुढे विंच बसवली, म्हणजे गाडी रुतली की तिचा दोर झाडाला बांधायचा आणि गाडीने स्वतःला स्वतःच ओढून काढायचं. ढकलायला माणसं नकोत. ब्रेकमधली हवा काढायला एकाने आत बसून पाय मारावा लागतो आणि दुसऱ्याने चाकापाशी नळी धरावी लागते. पेम्मय्याने एक बाटली आणि सलाइनची नळी घेऊन त्यावरही तोड काढली. मडिकेरीतला वेल्डर शम्सू ती बाटली बघून थक्क झाला होता.

"अज्जा, हे डोकं तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनला का नाही लावत?"

"ऑपरेशनला सोबत माणूस लागतो," पेम्मय्या म्हणाला होता. "फॉर्मवर सही करायला."

शम्सूने मान खाली घालून वेल्डिंग सुरू केलं होतं.

पाटा दुसऱ्यांदा जागेवर आला तेव्हा अंगणाच्या टोकाकडून हाक आली.

"पेम्मय्या, गाडीखालीच राहायला गेलास की काय? घर भाड्याने देणार असशील तर सांग, माझ्या भाच्याला हवंय."

चोंडम्मा होती. खालच्या वळणावरचं घर तिचं. हातात केळीच्या पानात गुंडाळलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. ती रोज कशाला ना कशाला यायची आणि रोज सांगायची की सहजच आले.

"तिथे ठेव अक्का. आणि तो पाना दे."

तिने पाना दिला आणि गाडीकडे नाक मुरडून पाहिलं. "चांगली गरीब गाय होती, तिचा पार रानरेडा केलास. खरंच नेणार वर?"

"गुरुवारी."

"एकटा?"

"विंच आहे ना."

"विंच तुझ्याशी बोलणार आहे का? तिथे दरडीपाशी एका बाजूला दरी आहे. आतून तुला चाक दिसणार कुठलं? कोणीतरी खाली उतरून सांगायला हवं, इकडे घे, तिकडे घे. कुट्टप्पाला ने."

"कुट्टप्पा एकशेदहा किलोचा आहे. त्याला घेतला तर गाडी चढायची सोडून मागे जाईल."

चोंडम्मा हसली. मग पानाची गाठ उगाच सोडत, बांधत म्हणाली, "बिद्दप्पा जातो म्हणतात वर. दर महिन्याला. त्याला वाट माहीत आहे."

गाडीखालून फक्त पान्याचा आवाज येत राहिला. तो गरजेपेक्षा जरा जास्तच मोठा होता. चोंडम्माने भाकऱ्या ओट्यावर ठेवल्या आणि गेली.

बिद्दप्पा हा पेम्मय्याचा थोरला भाऊ. त्याचं घर समोरच्या उतारावर, मधे फक्त भाताचं खाचर. त्याच्या चुलीचा धूर इथून दिसायचा, त्याच्या कोंबड्याचं आरवणं ऐकू यायचं. आणि नऊ वर्षं दोघांत शब्द नव्हता. कारण विचाराल तर एक नारळ. कैलपोदच्या सणाला, हत्यारांची पूजा झाली की उंच झाडाला नारळ बांधून नेम धरतात. त्या वर्षी दोघा भावांच्या बंदुका एकाच क्षणी वाजल्या आणि नारळ फुटला. वडीलधाऱ्यांनी तो पेम्मय्याला दिला. बिद्दप्पा म्हणाला, गोळी माझी. आजूबाजूच्या दहा गावांत त्याच्यासारखा नेमबाज नव्हता, हे पेम्मय्यालाही ठाऊक होतं. पण दोन पेले पोटात होते आणि सगळं गाव समोर होतं.

"अण्णा," तो म्हणाला होता, "तुझ्या डोळ्यांना आता नारळ राहू दे, झाड दिसलं तरी पुष्कळ."

गाव खो खो हसलं. बिद्दप्पाने बंदूक खांद्याला लावली आणि निघून गेला. पहिल्या वर्षी राग होता. दुसऱ्या वर्षी हट्ट होता. नंतर दोन्ही संपले आणि नुसती सवय उरली, आणि सवय मोडायला काही कारण लागतं. ते दोघांनाही सापडलं नाही.

मंगळवारी सकाळी पेम्मय्याने शेवटचं मोठं काम काढलं. ओढ्याच्या पाण्यात धुराडं बुडू नये म्हणून शम्सूने ते छपरापर्यंत उंच करून दिलं होतं. नवा सायलेन्सर मात्र अजून यायचा होता, त्यामुळे नळी उघडीच होती. इंजिन साफ करताना पेम्मय्याने ठिणगी वेळेवर वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर काढला होता, तो अंदाजाने परत बसवला. अकरा वाजता चावी फिरवली. इंजिनाने ठसका दिला, बंद पडलं. पुन्हा फिरवली. इंजिन थरथरलं, गप्प झालं, आणि मग उघड्या नळीतून सुटलं. धाड! आणि त्याच्या पाठोपाठ, धाड!

मिरीच्या वेलांवरचे पक्षी एकदम उठले. समोरच्या डोंगराने दोन्ही आवाज एकेक करून परत पाठवले. पेम्मय्याच्या कानात घंटा वाजू लागली. त्याने चावी बंद केली, बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं, काही उमगेना, तेव्हा गुळाची काळी कॉफी करायला आत गेला. पलटणीच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. आपण कुठे राहतो ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

कारण करडकेरीत अजून निरोप बंदुकीनेच पोचतो. मुलगा झाला की एक बार. माणूस गेलं की लागोपाठ दोन. दोन बार ऐकू आले की हातातलं काम टाकायचं, आवाज कोणत्या घरावरून आला ते पाहायचं, पांढरे कपडे घालायचे आणि निघायचं. घरटी निदान एक माणूस गेलंच पाहिजे, भांडण असो की कोर्टकचेरी. देचम्मा गेली तेव्हा पेम्मय्याचे हात बंदूक धरण्याच्या अवस्थेत नव्हते. बार बिद्दप्पाने काढले. खांदा दिला, माती लोटली, पंगत उठेपर्यंत उभा राहिला आणि एक शब्द न बोलता खाचर ओलांडून परत गेला.

कॉफीचा पेला घेऊन पेम्मय्या ओट्यावर आला तर पायवाटेने माणसं धावत येताना दिसली. पांढरे शर्ट, पांढरी लुगडी.  कोण गेलं? त्याने मनातल्या मनात घरं चाळली. आपला पांढरा शर्ट इस्त्रीचा आहे की नाही हेही त्याच घाईत त्याला आठवेना. तेवढ्यात कुट्टप्पा फाटकातून आत शिरला, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, तोंड लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"कुणाच्या घरी रे?" पेम्मय्याने विचारलं.

कुट्टप्पा जागच्या जागी थांबला. त्याच्यामागचे दोघे त्याच्या पाठीवर आदळले.

"तुझ्या," कुट्टप्पा म्हणाला.

हळूहळू सगळं अंगण भरलं. आवाज कसला होता ते सांगताना पेम्मय्याची भंबेरी उडाली. त्याने धुराड्याकडे बोट दाखवलं, डिस्ट्रिब्युटरचं सांगितलं, कोणी ऐकत नव्हतं. चोंडम्मा वळणापासून गळा काढत आली होती. तिने त्याला पेल्यासकट उभा पाहिला, आवंढा गिळला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या दंडावर सपासप मारला.

"भाजी कच्ची राहिली माझी! चूल विझवून आले मेल्या, तुझ्यासाठी!"

"मेलो नाही ना अक्का, तीच तर तुझी तक्रार आहे."

मग हशा पिकला. माणसं ओट्यावर, कट्ट्यावर, गाडीच्या टायरवर टेकली. कुट्टप्पाने सांगितलं की येता येता त्याने मनात भाषणसुद्धा जुळवलं होतं, आणि त्यात पेम्मय्याचे चार गुण शोधताना त्याला धाप लागली होती. कोणी म्हणालं, आता आलोच आहोत तर उरकूनच टाकू. पेम्मय्या हसत होता. इतकी माणसं या अंगणात दोन वर्षांत आली नव्हती, आणि त्याला फार बरं वाटत होतं. वाईट निमित्ताने का होईना, फार बरं.

चोंडम्मा डोळे पुसत हसत होती. एकदम तिचा चेहरा बदलला.

"पण काय रे," ती म्हणाली, "तू खरंच गेला असतास, तर बार काढले असते कोणी?"

हसणं एकदम ओसरलं, तरी कुट्टप्पाला ते कळायला जरा वेळ लागला.

"मी काढले असते की," तो म्हणाला.

"तुला कळलं कसं असतं?"

 एवढी माणसं धावत आली होती आणि एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की या घरात दुसरं कोणी नाही. मेलेला माणूस स्वतःच्या बंदुकीचा चाप ओढत नाही. कोणीतरी मागून पुटपुटलं, "दूधवाल्याला कळलं असतं, दोनतीन दिवसांत..." आणि जीभ चावली.

पेम्मय्याने पेल्यात पाहिलं. कॉफी निवली होती.

माणसं निघाली. प्रत्येकाला काहीतरी आठवलं, कोणाची गाय सुटी होती, कोणाचा गडी थांबला होता. जाताना प्रत्येकाने पेम्मय्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि संध्याकाळी येतो म्हणाला, उद्या येतो म्हणाला. चोंडम्मा तशीच वळणाकडे चालू लागली. आपण बोलून बसलो याचं तिला वाईट वाटत होतं हे तिच्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं.

अंगण रिकामं झाल्यावर पेम्मय्या घरं मोजत बसला. मोजू नये हे त्याला कळत होतं. करडकेरीत त्याचं सोडून नऊ घरं. आठांतून माणसं आली होती. खाचरापलीकडे बिद्दप्पाच्या चुलीचा धूर सरळ वर जात होता. मेल्यावर यावंच लागतं, हा नियम होता. शत्रूलाही यावं लागतं. पेम्मय्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला लहान मुलासारखं वाटलं, शाळेतून सगळ्यांना न्यायला कोणी ना कोणी आलं आणि आपण फाटकापाशी राहिलो तसं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला असं वाटावं याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते गेलं नाही.

तो उठून बॉनेटपाशी गेला. मन लागेना. फाटक वाजलं तेव्हा त्याला वाटलं चोंडम्मा भाजीसाठी पुन्हा भांडायला आली.

बिद्दप्पा होता.

त्याच्या अंगावर पांढरं काही नव्हतं. मळ्यातली खाकी चड्डी, खाचरातल्या चिखलाने पोटऱ्यांपर्यंत भरलेले पाय, डोक्याला फडकं, हातात कोयता. म्हणजे कपडे बदलण्याइतकीही किंमत दिली नाही, पेम्मय्याच्या मनात आलं. बिद्दप्पा फार वाकला होता. लांबून ते कळत नसे.

बिद्दप्पा ओट्याकडे गेला नाही. त्याने कोयता कुंपणाला टेकवला, जिप्सीभोवती एक फेरी मारली, उंच झालेल्या पाट्यांकडे वाकून पाहिलं, टायरला पायाने ठोकलं. मग बॉनेटखाली डोकं घातलं.

"टायमिंग मागे पडलंय," तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते कळत नव्हतं.

 पेम्मय्याने काहीतरी बोलायला हवं होतं आणि नऊ वर्षांत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही हाताशी येईना.

"जरा उशीर झाला," तो म्हणाला, ते टोमण्यासारखं निघालं. "बाकीचे मला पोचवून गेलेसुद्धा."

"पाहिलं. समोरून दिसत होते. पांढरे बगळे उठल्यासारखे पळत होते सगळे. मी खाचरातून ओरडलो, अरे गाडी आहे, गाडी! कोण ऐकतंय."

"तुला कळलं गाडी आहे ते?"

बिद्दप्पाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. नजर जुनीच होती, थोरल्या भावाची, धाकटा मूर्खासारखं बोलल्यावर असते ती.

"पन्नास वर्षं बंदूक धरतो मी. बार कोणता आणि धुराडं कोणतं, एवढं कळत नाही मला?"

पेम्मय्याने फडक्याला हात पुसले. ते आधीच पुसलेले होते.

"मग आलास कशाला?"

बिद्दप्पा पुन्हा इंजिनकडे वळला. एक वायर दाबून पाहिली, दुसरी दाबून पाहिली. 

"ते सगळे परत जाताना दिसले," तो म्हणाला. "हसत नव्हते. मी बांधावर उभा होतो. म्हटलं, आज गाडी होती. एक दिवस खरंच बार ऐकू येईल, इथून नाहीतर तिथून. तेव्हा येईन मी, पांढरे कपडे घालून येईन, बाकी सगळे येतात तसा. पण येऊन बोलू कोणाशी?"

कोंबडं समोरच्या उतारावर अवेळी आरवलं.  पेम्मय्याने मान हलवली, पुन्हा हलवली, आणि बिद्दप्पाला दिसू नये म्हणून घरात वळला.

"कॉफी टाकतो," तो आतून म्हणाला. 

 चुलीपाशी बसून त्याने फुंकणी घेतली. खिडकीतून बिद्दप्पाची पाठ दिसत होती. तो बॉनेटखालूनच बोलत होता, मोठ्याने, गाडीला सांगावं तसं.

"ओढ्यापाशी उजवीकडून जाऊ नकोस. तिथे खालची माती वाहून गेलीय, वरून कळत नाही. डाव्या अंगाने घे. दरडीपाशी मी पुढे चालेन, तू माझ्या हाताकडे बघत ये. मी म्हणेन तेव्हाच चाक वळवायचं. शहाणपणा नाही करायचा."

"नाही करत."

"गाडीत बसणार नाही मी. तुझं ड्रायव्हिंग माहीत आहे मला."

"नको बसू."

पाणी उकळलं. पेम्मय्याने पूड टाकली, फळीवरून गुळाचा डबा काढला. बिद्दप्पाला गूळ भरपूर लागायचा, लहानपणी तो पेल्याच्या तळाचा गूळ बोटाने चाटून खायचा आणि आईचा मार खायचा. पेम्मय्याने मोठा खडा फोडला आणि तो पेल्यात टाकायला हात नेला.

"पेम्मू," बाहेरून आवाज आला. "गूळ घालू नकोस. साखरेचा आजार आहे मला. सहा वर्षं झाली."

पेम्मय्या खडा हातात धरून तसाच उभा राहिला. खाचरापलीकडच्या त्या घरात सहा वर्षं बिनगुळाची कॉफी होत होती आणि तो रोज तिथला धूर पाहत होता.

"बरं, अण्णा," तो म्हणाला.